तोमाच्या शेजारची सीट

सात सीटची गाडी घेऊन तोमा घरी आला तेव्हा घरात माणसं तीन होती: तो, मी आणि त्याची आई. मी फाटकातच विचारलं, "बाकीचे चार कोण? दत्तक घेतोयस का?"

"कलिंगडं," तो म्हणाला.

आमच्याकडे डॅन्यूब नदीपर्यंत नुसती वाळू, आणि त्या वाळूत कलिंगडाशिवाय धड काही पिकत नाही, त्यामुळे उत्तर बिनतोड होतं. पण मला पटलं नाही. कलिंगडांना खिडक्या लागत नाहीत आणि पट्टेही लागत नाहीत.

विकणाऱ्याने त्याला शपथेवर सांगितलं होतं की जर्मनीतली एक म्हातारी ही गाडी फक्त रविवारी, चर्चला जायला काढायची. किलोमीटरचा काटा किती मागे फिरवला होता देव जाणे. मी अगदी मागची सीट उचलली तर खाली बिस्किटांचा चुरा, एक रंगीत खडू आणि लहान मुलीच्या केसांतली पिवळी पिन.

"ही बघ तुझी म्हातारी," मी म्हटलं.

तोमा हसला नाही. त्याने पिन शर्टाला पुसली आणि गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून दिली. मी सीट परत खाली टेकवली.

आमची लिना पाच वर्षांची असताना गेली. छातीत कफ भरला होता, बाहेर बर्फ, आणि गावात एकाच्याही दारात गाडी नव्हती. तोमाने तिला गोधडीत गुंडाळून घोडागाडीत घातलं आणि इस्पितळाच्या वाटेवर ती त्याच्या मांडीवरच संपली. पुढे आम्हाला मूल झालं नाही. तोमा यावर कधी एक शब्द बोलला नाही. त्याने गाडी घेतली, तीही इतक्या वर्षांनी, आणि सात सीटची.

आणि मग तिची सेवा सुरू झाली. माझ्या ब्लाउजचं बटण तुटलं तर महिनाभर दिसायचं नाही त्याला, पण इंजिनाचा आवाज जरा बदलला की जेवणावरून उठायचा. आमची वाळू सरकत्या दरवाज्याच्या खाचेत जाऊन बसायची. तो जुन्या दात घासायच्या ब्रशने ती काढायचा, ग्रीस लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी वाळू परत हजर. दाराखालचा पत्रा गंजला तर खरवडून, रंगवून मोकळा. थंडीत ती सुरू व्हायला कुरकुरायची, तेव्हा तिच्याशी जितकं गोड बोलायचा तितकं माझ्याशी लग्नातही बोलला नव्हता.

मी मात्र त्या गाडीत मागे बसायचे, कलिंगडांबरोबर. पुढे सासूबाई. "मागे बसलं की मला मळमळतं," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि विषय संपला. बाजार असो, जत्रा असो, डॉक्टर असो, म्हातारी पुढे, मांडीवर पर्स, आणि तोमाला सांगणार कुठे वळायचं. गाव एका रस्त्याचं, तरी सांगणार. त्या वारल्या तेव्हा मी रडले, खोटं कशाला बोलू, मनापासून रडले. पण चाळीसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले तेव्हा तोमाने माझा पट्टा स्वतः ओढून लावला, आणि मला वाटलं की आता कुठे माझं लग्न झालं.

मग तोमाचं यकृत बिघडलं. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

आमच्याकडे माणसाला जिवंतपणीच आपल्या जिवासाठी दान करता येतं. पाद्री येतात, जेवण होतं, आणि जे जे दुसऱ्याच्या हाती देशील ते ते पलीकडे तुझ्यासाठी वाट बघत असतं. जसं देशील तसंच. फुटका माठ दिलास तर तिथे फुटक्या माठातलं पाणी. लोक पलंग देतात, टेबल देतात, ताटं देतात, अंगावरचे चांगले कपडे देतात. तोमा म्हणाला, "मी गाडी देणार." शेजारच्या फानेलला. त्याला पाच पोरं आणि एक मोडकी सायकल.

मी म्हटलं, "मरायची एवढी घाई झालीय का?"

"घाई नाही, साफ्ते. पण काम खूप आहे."

आणि खरंच कामाला लागला. पोट फुगलेलं, चेहरा पिवळा, आणि हा गाडीखाली. टायमिंग बेल्ट बदलून घेतला, ऑइल बदललं, चारही टायर नवे. शेवटी अगदी मागच्या सीटपाशी थांबला. तिथला एक पट्टा अडकायचा. त्यासाठी पाद्र्यांना गाठून त्याने विचारलं, "फादर, पोरं तिथे वाढतात का?"

फादरना कळलं नाही.

"पाच वर्षांची गेली असेल तर पाचचीच राहते, की मोठी होते? मला पट्टा लावायचाय."

फादर दाढी धरून म्हणाले, "तोमा, मला माहीत नाही." तेव्हा त्याने दोन्ही सोयी केल्या. मोठ्या माणसाचा पट्टा नीट केला, आणि लहान मुलाला उंच बसवायची उशीही आणून ठेवली. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

दानाच्या आदल्या दिवशी अंगणात आले तर हा पुढची सीट सोडवतोय. माझी. बोल्ट काढले, ओढत आणली आणि ओसरीवर भिंतीला लावून ठेवली.

माझं डोकंच फिरलं. "आईला जागा, बापाला जागा, लिनाला जागा, आणि मी काय टपावर बसू?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! आयुष्यभर कलिंगडांत बसवलंस, आता मेल्यावरही?"

तो धापा टाकत पायरीवर बसला. "अगं, आई आहे ना तिथे. ही सीट मी आत्ता दिली तर पहिल्या दिवशी कोण बसेल तीवर? आणि मग तिला उठवायची छाती आहे का माझी? कधी होती?" सीटकडे बोट करून म्हणाला, "ही तुझी तू दे. तुझ्या नावाने. सावकाश दे."

 मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या काचेपाशी मेणबत्ती लागली, गोल पाव ठेवला, आणि तोमाने किल्ली फानेलच्या हातात दिली. फानेल, घेणाऱ्याने म्हणायचं असतं तसं, म्हणाला, "देवापर्यंत पोचो." मळ्यातली पहिली कलिंगडं निघायच्या आत तोमा गेला.

ती सीट ओसरीवरच राहिली. मी तीवर बसून मिरच्या निवडायचे, शेंगा सोलायचे, आणि सांजेला डावीकडे, आमच्याकडे गाडी चालवणारा बसतो त्या बाजूला, तोंड करून त्याच्याशी भांडायचे. समोरून फानेलची गाडी जायची, पोरं हात करायची. दरवाज्याची खाच कुणी साफ करत नसे, लांबूनच आवाज यायचा.

मग एकदा फानेल टोपी हातात घेऊन आला. "साफ्ताकाकू, गाडीचं पासिंग आलंय. पुढची सीट नाही म्हणून परत पाठवली. तुमची नको, काकू, मला माहीत आहे ती तुमची आहे. भंगारातनं दुसरी बघतो."

"बघ," मी म्हटलं. तो फाटकापर्यंत गेला. आणि मला एकदम दिसलं: तोमाच्या शेजारी कुणाची तरी परकी सीट, आणि तीवर सासूबाई, मांडीवर पर्स.

"फानेल! थांब."

आपल्या जिवासाठी पहिलं दान केलं की माणूस आवरायला लागला, असं गावात म्हणतात. मला आवरायचं नव्हतं. माझ्या मिरच्या लागल्या होत्या, कोंबडी अंड्यांवर बसली होती. आणि ती सीट गेली तर सांजेला मी बसू कुठे? काडी दोनदा विझली. शेवटी मेणबत्ती लागली. सीटवर पाव ठेवला.

"फानेल, ही सीट तुला. माझ्या जिवासाठी, साफ्ताच्या. तोमाच्या नव्हे."

"काकू, असं काय बोलता, तुम्ही अजून शंभर—"

"म्हण!"

"देवापर्यंत पोचो," तो खाली बघून म्हणाला.

त्याने अंगणातच ती बसवली. मी बोल्ट हलवून पाहिले, पट्टा ओढून लावून पाहिला. नीट लागला. फानेल म्हणाला, "बसा ना, एक चक्कर मारून आणतो." मी नको म्हटलं. दिलेल्या ताटात आपण जेवत नाही.

सांजेला सवयीने ओसरीवर गेले, सुपात शेंगा घेऊन बसायला वाकले, तर खाली काही नव्हतं. मग तशीच उभी राहिले, डावीकडे तोंड करून.

"तोमा," मी म्हटलं, "सीट पाठवलीय. आईला बसू देऊ नकोस."