तिसऱ्या गियरमधलं बोलणं

१८ जानेवारी २०२५. सकाळी धुकं, दहानंतर कोरडं ऊन, वारा नाही.

मी तामलवाडीच्या वैजनाथची मोटारसायकल. पावसाळ्यापासून गोठ्याच्या पत्र्याखाली उभी होते. आज रस्त्यावर आले, म्हणून बोलतेय.

लग्नाच्या वर्षी वैजनाथने मला तुळजापूरहून आणलं. नव्या नवरीने, मोनिकाने, माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं. घर माणसांनी भरलेलं, त्यामुळे दोघं मनातलं बोलायची ती माझ्यावरच. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, मग बोलणं सोपं जातं. बोलणं जड असलं की वैजनाथ मला तिसऱ्या गियरमध्ये ठेवायचा.

मूल होईना. काढे, उपास, तपासण्या, सगळं मोनिकाच्याच वाट्याला. पुरुषाला कुणी विचारत नाही. शेवटी जूनमध्ये सोलापूरच्या डॉक्टरांनी वैजनाथलाही तपासलं. त्याच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते, आणि त्यावर उपचारही नव्हता.

परतताना मी सगळा रस्ता तिसऱ्यात होते आणि कुणीच बोललं नाही. गाव दिसायला लागलं तेव्हा मोनिका म्हणाली, "घरी माझंच नाव सांगा. मला सवय झालीय."

त्याने तेच केलं. दुसऱ्या दिवसापासून तो शेतात पायी जाऊ लागला. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

आज मोनिकाच्या धाकट्या जावेचं, शिवप्रियाचं, डोहाळजेवण. गोठ्यात चूल मांडायची म्हणून मला मांडवाच्या कडेला आणून लावलं. बायका ओटी भरायला पुढे सरकल्या, तशी सासू कमलबाई हळूच म्हणाली, "मोनिका, तू आत पोळ्यांचं बघ." मूल नसलेल्या बाईने ओटी भरायची नाही, असा या घरचा रिवाज.

वैजनाथ स्टुलावर चढून दिव्यांची माळ बांधत होता. तिथूनच म्हणाला, "आई, तिला भरू दे. दोष तिच्यात न्हाय, माझ्यात हाय. डॉक्टरनं सांगितलंय."

मग शेजारच्या म्हाताऱ्या बानूबाई म्हणाल्या, "मग कमल, ते कडू काढे सुनेला कशाला पाजलीस गं? ह्याला पाजायचे की."

कुणीतरी पदराआड हसलं. शिवप्रिया म्हणाली, "जाऊबाई, या लवकर. बसून बसून पाय आखडलेत माझे."

कमलबाई उठली. तिने खणनारळ मोनिकाच्या हातात दिला.

संध्याकाळी वैजनाथने कोंबड्या हुसकावल्या आणि मी सुरू होईपर्यंत किका मारल्या. मोनिका मागे बसली. तिसरा गियर.

"सांगायचं कशाला? मी सोसलं असतं."

"तू सोसायलीस, अन् मला तुझ्याकडं बघवंना झालं होतं."

ती जरा पुढे सरकून बसली. "मग बघा आता." लगेच त्याच्या पाठीवर थाप मारली. "आत्ता न्हाय. रस्त्याकडं बघा."

दोघं हसली. त्याने चौथा टाकला.

तुमच्या पुढे एखादं जोडपं गाडीवर हळू चाललं असेल, तर हॉर्न वाजवू नका.

१४ एप्रिल २०२५. कडक ऊन. शिवप्रियाला मुलगी झाली. आज बारशाला मोनिकाने तिला पाळण्यात ठेवलं. वैजनाथ आणि मोनिकाला मूल नाही. मी रोज रस्त्यावर असते.