हिरव्यावर पिवळा

रंगाचा पोपडा नखाएवढाच होता, पण तळहातावर आडवा पडला तेव्हा त्याच्या कडेला चार रेघा दिसल्या — वर रुपेरी निळा, त्याखाली गुलाबी, मग पिवळा, आणि सगळ्यांत तळाशी हिरवा. हिरवा... तिने पोपडा फुंकून टाकला आणि खरवडणी पुन्हा होडीच्या नाकाडावर चालवायला घेतली. हिरवा काय जगात एकाच ठिकाणी लावतात? दारं हिरवी असतात, पिंपं हिरवी असतात. तरी हात हलका पडू लागला होता, जखमेवर चिकटलेलं फडकं सोडवताना पडतो तसा.

करमणूक बागेच्या दुरुस्ती शेडमध्ये सोळा लोखंडी होड्या ओळीने मांडल्या होत्या. मधल्या खांबाला लांब पोलादी हातांनी टांगल्या की त्या फिरता फिरता वर उचलल्या जायच्या आणि बाहेरच्या बाजूला कलायच्या. महिन्यापूर्वी हा पाळणा एका बंद पडलेल्या बागेतून इथे आला; तिथे त्याचं नाव ‘अंतराळ’ होतं, त्याआधी आणखी कुठे ‘परीराज्य’. त्याच्याही आधीचं कुणाला ठाऊक नव्हतं. “यंत्रांनाही पूर्वजन्म असतात बाई,” सुपरवायझर म्हणायचा, “पण त्यांना ते आठवत नाहीत, हे आपलं नशीब.” कमरेला सदा मोजपट्टी, म्हणून सगळे त्याला टेपसाहेब म्हणत. तिलाही नाव होतं — तीनदाबाई. रंगकाम करणारी बाई, पण डब्याचं झाकण लावलं तरी तीनदा दाबून बघायची, शेडचं कुलूप तीनदा ओढायची. लोक हसायचे. तीही हसायची.

खरवडणीखालून पांढरा गोल आला. मग काळं बुबुळ. माशाचा डोळा. आणि डोळ्यावर, एकीशेजारी एक, बारीक ब्रशने काढलेल्या पाच पापण्या.

ती खाली बसली. जमिनीवरच, रंगाच्या भुग्यात.

माशाला कधी पापण्या असतात का गं, असं बाबा म्हणाले होते, आणि मी म्हटलं होतं, असू दे ना, नाहीतर तो झोपेल कसा... सात वर्षांची होते मी. त्यांनी सोळाच्या सोळा माशांना पापण्या काढल्या. मालकाचा माणूस पोट धरून हसला होता. तेव्हा पाळण्याचं नाव ‘मासोळी’ होतं आणि तो चालवणारे होते बाबा. पुढे दोन वर्षांनी, भर दुपारी, अकराव्या होडीतून एक मुलगी पडली. वाचली, पण तिचे पाय गेले. बसणाऱ्याच्या मांडीवर अडकवायचा दांडा उघडा होता. म्हणजे बाबांनी तो दाबलाच नव्हता. दुसरं काय असणार, सगळे म्हणाले.

“बाई, बरं वाटत नाही का?” टेपसाहेब दारात उभा होता.

“पाय आखडले जरा.”

“मग ऐका. जेवणानंतर ग्राइंडरवाला येतोय. त्याला या पट्ट्या उडवायला सांगा.” त्याने वाकून दांड्याच्या खटक्याखाली बोट लावलं. तिथे वीतभर पोलादी पट्टी वेल्ड केलेली होती. “कुणीतरी ठिगळं लावून ठेवलीत. मूळ नकाशात नाहीत. यांच्यापायी खटक्यांवर आपली नवी झाकणं बसत नाहीत. पुढच्या आठवड्यात पाळणा सुरू व्हायला हवा, काय?”

“सोळाही?”

“सोळाही. आता एकीचे लाड करून कसं चालेल?”

तो गेला. ती ठिगळाकडे बघत राहिली. उडवायच्या तर उडवायच्या, आपलं काम रंगाचं... पण खरवडणी आपोआप पट्टीच्या कडेला लागली. रुपेरी निळा. गुलाबी. पिवळा. आणि मग थेट लोखंड. तिने पुन्हा खरवडलं. पट्टीवर हिरवा नव्हता. हिरवा होता तो पट्टीच्या खाली, खटक्याच्या घरावर, आणि जिथे वेल्डिंगची आच लागली होती तिथे जळून काळा पडलेला. तिने दुसरी होडी बघितली, तिसरी, मग पहिलीपासून सोळावीपर्यंत, मग पुन्हा — तीनदा. सगळीकडे तेच. पट्टी हिरव्यावर बसली होती आणि पिवळ्याखाली दबली होती.

अपघातानंतर पाळणा पंधरा दिवस बंद होता. चौकशी चालू होती. आणि सोळाव्या दिवशी कुंपणाबाहेरून आम्ही बघितलं, आई आणि मी — तो पिवळा झाला होता. आई म्हणाली, बघ, रंग बदलला की झालं यांचं.

म्हणजे त्याच पंधरा दिवसांत. बाबा खुर्चीत बसून एकच वाक्य सांगत होते — दांडा दाबला होता, खटका वाजला होता — तेव्हाच कुणीतरी इथे बसून सोळा पट्ट्या वेल्ड करत होतं. जे मोडलेलंच नाही ते कोण दुरुस्त करतं?

चौदाव्या होडीची पट्टी एका बाजूने सुटली होती. तिने ती पक्कडीने वाकवून दूर केली आणि दांडा खाली दाबला. खट्. स्वच्छ, भरवशाचा आवाज. दांडा हलेना. मग तिने साखळीच्या कप्पीने होडी एका बाजूने उचलली, वीतभर, दोन विती, पाळण्यात कलायची तेवढी... काहीच वाजलं नाही. खालून पट्टीचा आधार नसलेली खटक्याची जीभ आपल्याच वजनाने आत घसरली आणि दांडा, कुणी हात न लावता, सैल होऊन वर आला.

तिने कप्पी सोडली.

चौकशीचा साहेब माझ्यापुढे उकिडवा बसला होता, माझ्या उंचीला येऊन, गोड बोलत. तू डबा घेऊन गेलीस तेव्हा बाबा कुठे बघत होते? माझ्याकडे. दांड्याकडे नाही? नाही, माझ्याकडे, हसत होते. हे खरंच होतं. एवढंच विचारलं त्याने. त्याच्या आधी खटका वाजला होता का ते त्याने विचारलं नाही, आणि मी नऊ वर्षांची, न विचारलेलं कशी सांगणार... बाबा भिंतीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बरोबर सांगितलंस अशी.

त्यानंतर गाव सुटलं. घरात त्यांना कुणी कडी लावू दिली नाही. त्यांनी चूल बंद केली की आई उठायची, “असू द्या, मी बघते.” चिडून नव्हे, सवयीने. काही वर्षांनी त्यांनी ते वाक्य सांगणंही सोडलं. शेवटच्या आजारपणात एकदा ते धडपडत उठले आणि त्यांनी खिडकीचा अडसर लावला. आणि ते अंथरुणावर परत पोचायच्या आत मी जाऊन तो ओढून बघितला. त्यांनी बघितलं मला. अडसर नीट लागला होता.

टेपसाहेब जेवून आला तेव्हा ग्राइंडरवाला दारातच वायर सोडवत होता आणि ती चौदाव्या होडीपुढे उभी होती.

“पट्ट्या काढता येणार नाहीत, साहेब.”

“म्हणजे?”

तिने दांडा दाबला. खट्. कप्पी ओढली. दांडा सुटला. टेपसाहेब सुपारी चघळायचा थांबला. त्याने स्वतः पुन्हा करून बघितलं.

“ही एकच खराब असेल.”

“बाकीच्यांच्या काढून बघा मग. पण पोरं बसवण्याआधी बघा.”

मग त्याने ग्राइंडरवाल्याला हातानेच थांबवलं. “मी मॅनेजरना घेऊन येतो. पण ते पहिलं हेच विचारतील की रंगकामाच्या बाईला हे कुठून कळलं. मला सांगा, म्हणजे मी सांगतो.”

“विचारू देत त्यांना, मी सांगेन.”

तो गेला. ग्राइंडरवाला पिंपावर बसून फोन बघू लागला. ती होडीच्या काठाला टेकली. अडतीस वर्षं तिने एक प्रश्न चुकवला होता — कुणाची मुलगी? नोकरी मागताना, भाड्याने खोली घेताना, लग्नाच्या बोलण्यातसुद्धा तिने उत्तर असं गुळगुळीत केलं होतं की कुणाच्या हाताला ओरखडाही लागू नये. आता राग आला होता आणि त्याला कुठे ठेवावं कळत नव्हतं. मालक कधीच मेला. आई ऐंशीची, तिला सांगावं तर तिच्या आयुष्यभराच्या ‘मी बघते’चं काय करायचं... आणि आपल्या ‘तीनदा’चं?

आवारात पावलं वाजली, दोघांची. मॅनेजर येईल, खटका बघेल, शहाणा असेल तर म्हणेल, राहू द्या पट्ट्या, झाकणं बदला. बस, इतकंच. पोरं सुखरूप राहतील. तेवढ्यासाठीच तर आपण उभे आहोत इथे... तेवढ्यासाठीच? भीती नेहमीसारखीच होती, पण आजची तिच्या ओळखीची नव्हती. कुणी विचारेल याची ती नव्हती. कुणी विचारणारच नाही, याची होती.