नऊशेचं कात्रण

तुमच्या कार्यालयातही असा एक जण असेलच. डबे उघडले की त्याचं तोंडही उघडतं, आणि कोणती कंपनी वर जाणार, कोणती झोपणार, हे तो घरची बातमी सांगावी तसं सांगत सुटतो. बाकीचे घास हातात धरून ऐकतात. ‘कशावरून?’ असं मात्र कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर आपलंच अज्ञान उघडं पडेल, अशी प्रत्येकाला धास्ती असते.

शहराच्या पाणीमापन कार्यालयात हा मान कात्रणमास्तरांचा होता. हुद्द्याने ते पर्यवेक्षक. तलावांतल्या मोजपट्ट्यांवर रोज पाणी किती भरलं, त्याच्या नोंदी त्यांच्या नजरेखालून जात. नाव मात्र पडलं होतं घरच्या वह्यांमुळे. अकरा वर्षं ते वर्तमानपत्रातले शेअरचे भाव कापून, तारीख घालून, वहीत चिकटवत आले होते. माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. स्वतःवर जरा जास्तच खूश होता, एवढंच.

त्या सोमवारी ते एक जाडजूड वही घेऊनच जेवायला आले.

“आपल्या पंपहाउसात ज्यांचे पंप आहेत ना, त्या कंपनीचा हा भाव बघा,” वहीवर बोट ठेवून ते म्हणाले. “सहा वर्षांपूर्वी नऊशे. ऐकीव नाही, माझ्या हाताचं कात्रण आहे. आणि आज? एकशे पंच्याहत्तर! कंपनी तीच, पंप तेच, मागणी उलट वाढलेली. जो एकदा नऊशेला गेला, तो पुन्हा जाणारच. आज घ्याल तर पाचपट होतील.”

कुणीतरी त्या पानाचा फोटो काढला. चहाच्या वेळेपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता.

मास्तरांनी तोच फोटो घरी ताईलाही दाखवला. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. एका खासगी रुग्णालयात अडतीस वर्षं नर्स म्हणून राबून ती मागच्याच महिन्यात निवृत्त झाली होती. पेन्शन नाही. मिळालेली रक्कम एकदाच आणि शेवटची. लग्न केलं नव्हतं, पुढची सगळी वर्षं त्याच पैशांवर काढायची होती.

“सगळे यातच टाक, ताई. शुक्रवारी कागद करू. अशी संधी परत यायची नाही.”

“मला त्यातलं काही कळत नाही रे. तू बघितलंयस ना, मग झालं. शुक्रवारी कुठे सही करायची ते सांग.”

किती सहज बोलली ती! आणि मास्तरांना त्या विश्वासाचं ओझं वाटायच्या ऐवजी अभिमान वाटला. आपणही असेच वागतो. कुणी डोळे मिटून आपल्यावर भरवसा टाकला की आपण आधी डोळे उघडे ठेवायला हवेत. आपण छाती फुगवतो.

गुरुवारी सकाळी वहीबाई त्यांच्या टेबलापाशी आल्या. नोंदणी विभागातल्या या बाई साधी वेळ सांगतानाही वही उघडतील, अशी सगळे त्यांची चेष्टा करत. त्या फारशा बोलत नसत.

“मास्तर, तो नऊशेचा भाव तुम्ही आणखी कुठे ताडून पाहिलात का?”

“ताडायचं काय त्यात? कात्रण आहे ना माझ्याकडे!”

बाईंनी मोबाइल पुढे केला. शेअर बाजाराच्या साइटवर त्याच कंपनीचा, त्याच तारखेचा भाव होता. एकशे ऐंशी.

मास्तर हसले. “साइट चुकलीय. छापलेलं कात्रण कसं चुकेल?”

“कात्रण चुकलेलं नाही,” बाई म्हणाल्या, “आणि साइटही चुकलेली नाही.” त्या आत गेल्या आणि मोठ्या तलावाचं जुनं रजिस्टर घेऊन आल्या. “हे अक्षर तुमचंच ना? जुनी मोजपट्टी मोडली आणि आपण नवी बसवली, त्या आठवड्याचं पान आहे. सोमवारी पाणी नऊ मीटर, मंगळवारी सात. एका दिवसात तलाव दोन मीटर आटला?”

“काहीतरीच काय विचारता, बाई! पाणी होतं तेवढंच होतं. नव्या पट्टीचं शून्य दोन मीटर वर धरलं होतं, म्हणून आकडा कमी दिसतो. तुलना करायची तर मागच्या सगळ्या नोंदींतून आधी दोन वजा करायचे. नव्या कारकुनाने ते केलं नाही म्हणून मी त्याला केवढा झापला होता, आठवत…”

मास्तर मध्येच थांबले.

“कंपनीनेही पट्टी बदलली, मास्तर,” बाई हळूच म्हणाल्या. “पाच वर्षांपूर्वी त्यांनी एका शेअरचे पाच केले. स्प्लिट म्हणतात त्याला. ज्याच्याकडे एक होता त्याच्याकडे पाच झाले, आणि एकेकाचा भाव पाचव्या हिश्शावर आला. कुणाचं काही बुडालं नाही, कुणाला काही जास्तीचं मिळालं नाही. साइट जुने भाव असे भागूनच दाखवते. आता तुमच्या नऊशेला पाचने भागा.”

“एकशे ऐंशी.”

“आणि आज?”

“एकशे पंच्याहत्तर.”

म्हणजे शेअर पडलेलाच नव्हता! स्वस्तही झालेला नव्हता. सहा वर्षांनंतरही तो जवळपास होता तिथेच होता आणि मास्तर त्याला दरीत पडलेला समजून वर काढायला निघाले होते. सोमवारपासून टेबलाच्या खणातच राहिलेल्या घरच्या वहीची पानं त्यांनी घाईघाईने उलटली. नऊशेच्या आसपासची कात्रणं, मग आठ महिने एकही नाही, आणि त्यानंतर एकदम एकशे नव्वद. ते आठ महिने आई अंथरुणाला खिळलेली होती. मास्तरांना कात्रणं कापायचं भान नव्हतं. ताई रात्रपाळी करून यायची आणि दिवसा आईपाशी बसायची. तेवढ्यात बाजार कोसळला असणार, असं मास्तरांनी मनाशी धरलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्याच ताईचा सगळा पैसा ते उद्या या समजुतीवर लावणार होते.

“मग जुने भाव बघायचेच नाहीत का, बाई? अकरा वर्षं वायाच घालवली का मी?”

“बघायचे ना! पण आधी एका मापात आणायचे. शेअर फोडलाय का, बोनस म्हणून फुकट शेअर वाटलेत का, हे तपासायचं. मग पाहायचं, की वाईट दिवसांत तो किती आपटला, सावरायला महिने लागले की वर्षं, आणि त्याच काळात कंपनीने कमावलं किती. एवढं कळलं तरी खूप झालं. उद्याचा भाव त्यात लिहिलेला नसतो. आणि दुसरं सांगू? तुम्ही लोकांना दोनच दिवस दाखवलेत. मधली सहा वर्षं कुणी पाहिलीच नाहीत.”

“सोमवारीच का नाही बोललात?”

वहीबाईंनी मान खाली घातली. “मला शंका आली होती. पण सगळे माना डोलावत होते, म्हटलं आपण कशाला तोंड घाला? ती माझी चूक झाली.”

खरं तर सुटायचा सोपा रस्ता होता. ताईला घरी काहीतरी कारण सांगायचं, कार्यालयात विषयच काढायचा नाही. चार दिवसांत लोक विसरले असते. कितीतरी सल्लागार हेच करतात! सल्ला चारचौघांत देतात आणि चूक मात्र गुपचूप गिळतात.

डबे उघडले तेव्हा मास्तर उभे राहिले.

“सोमवारी मी सांगितलं ते चूक होतं,” ते म्हणाले. “भाव पडलेला नाही. मला हिशोब कळला नव्हता आणि कळल्याचा आव मी आणला. तो फोटो ज्यांनी पुढे पाठवला असेल, त्यांनी हेही पाठवा.”

कुणीतरी म्हणालं, “गेलं का मास्तर आमचं पाचपट?” आणि हशा पिकला. टँकरचा ड्रायव्हर मात्र हसला नाही. तो डबा बाजूला सारून जवळ आला.

“साहेब, मी कालच घेतले. गळकी गच्ची दुरुस्त करायला ठेवलेले पैसे होते. आता ठेवू की विकू?”

मास्तरांचा चेहरा पडला. अकरा वर्षांत त्यांनी कुठल्याच प्रश्नाला हे उत्तर दिलं नव्हतं. “मला माहीत नाही,” ते म्हणाले. “पण तुला एकट्याला सोडणार नाही. सुटल्यावर कंपनीचा अहवाल काढू आणि बाईंना सोबत घेऊन बसू. एक मात्र आत्ताच सांगतो. जो पैसा गच्चीला लागणार होता, तो मी तुला इथे लावायला सांगायलाच नको होता.” ड्रायव्हरने नुसती मान हलवली. तो रागावला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्यांनी ताईला सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

“मला रागाव ना, ताई.”

“तुला काय रागावू? वॉर्डात मोठा डॉक्टर घाईत तोंडी काही सांगून गेला, तरी मी कागदावर पाहिल्याशिवाय, बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय कुणाला एक थेंब दिला नाही. अडतीस वर्षं! परक्या माणसांसाठी एवढी जपले. आणि स्वतःच्या म्हातारपणाबद्दल तुला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही मी. चूक तुझी एकट्याची नाही रे.”

मास्तरांना रडू आवरेना. ताईने चष्मा लावला आणि वही स्वतःकडे ओढली.

“उद्या सही नाही. हे कसं वाचायचं ते आधी मला दाखव. आणि जे तुला येत नाही, तिथे येत नाही म्हण. लाजू नकोस.”

मित्रहो, जुना भाव खोटं बोलत नाही, पण तो स्वतःहून सगळं सांगतही नाही. कालचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवण्याआधी दोन्हींचं माप एकच आहे का, हे विचारा. मधली वर्षं पाहा. उद्याचं वचन त्यात शोधू नका. आणि कुणी आपल्या आयुष्याची कमाई तुमच्या शब्दावर सोपवली, तर पहिल्यांदा त्याला प्रश्न विचारायला लावा. अज्ञान असणं हा गुन्हा नाही. ते झाकून दुसऱ्याला वाट दाखवणं, आणि शंका आली असताना गप्प बसणं, यानेच घरं बसतात.