टेबलाशी सहावी

गेशे टियार्क्स ही राज्याच्या विधानसभेची अध्यक्षा. त्या खुर्चीबरोबर पंचवीस-तीस मानाची पदं आपोआप गळ्यात पडतात; त्यांतलंच एक म्हणजे शाळकरी मुलांच्या इतिहास स्पर्धेचं आश्रयदातेपद. देशभरच्या स्पर्धेला राष्ट्राध्यक्षांचा आश्रय, राज्याच्या बक्षीस समारंभाला हिचा. काम काय, तर प्रशस्तिपत्रांवर सह्या करायच्या, सात मिनिटं भाषण करायचं, मुलांशी हात मिळवायचा आणि परीक्षकांच्या निकालात नाक खुपसायचं नाही. नऊ वर्षं तिनं हे बिनबोभाट केलं होतं. निबंध मात्र एकही पुरता वाचला नव्हता. कुठला पुढारी वाचतो? तिचा सचिव आयके प्रत्येक निबंधाचं अर्ध्या पानात सार काढून द्यायचा आणि तेवढ्यावर भाषण झकास उभं राहायचं.

यंदा समारंभ सोमवारी होता. शुक्रवारी दुपारी आयकेनं अर्ध्या पानाऐवजी अख्खी फाईलच टेबलावर ठेवली.

"मॅडम, पहिल्या बक्षिसाचा निबंध आहे. हा तुम्हीच वाचा. मला याचं सार काढता येईना."

"तुला? तू तर अंदाजपत्रकाचंही अर्धं पान करतोस."

आयके हसला नाही. दार ओढून घेऊन बाहेर गेला, तेव्हा गेशेला पहिल्यांदा धाकधूक वाटली.

निबंध अफ्रा श्टाडलर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीचा होता. दोन वर्षांपूर्वी ती आईच्या नोकरीपायी देशाच्या दक्षिणेतून, थेट बव्हेरियातून, या उत्तर टोकाच्या दलदलीत येऊन पडलेली. गाव ग्रोटेफेन. म्हणजे गेशेचं माहेर. विषय होता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गावातल्या शेतांवर जबरदस्तीनं जुंपलेले पोलिश मजूर. साक्षीदाराचं नाव झाकून नुसतं 'एच.' लिहिलं होतं, पण कालव्यावरचा उचलता पूल, पलीकडचं हिरव्या दाराचं घर... आता आपलं घर ओळखायला कुणाला नाव लागतं? 'एच.' म्हणजे हाबो टियार्क्स. तिचे वडील.

त्या घरी एकोणीस वर्षांची ब्रोन्या कामाला होती. अशा मजुरांना आपल्या टेबलाशी जेवायला बसवायचं नाही, असा तेव्हाचा कायदा. हाबोच्या आईनं तो कायदा चुलीत घातला होता. जी माझ्या गाईंचं दूध काढते ती माझ्यासमोर जेवेल, असा तिचा खाक्या. एक दिवस शाळेत गणिताच्या तासाला मास्तरांनी एकेकाला उभं करून विचारलं, तुमच्या घरी टेबलाशी जेवायला किती जण बसतात? आठ वर्षांचा हाबो ताठ उभा राहून म्हणाला, सहा. घरात माणसं पाच, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. स्पष्ट उत्तर दिलं म्हणून त्यांनी हाबोला एक लाल पेन्सिल बक्षीस दिली. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी ब्रोन्याला नेलं. ती परत आली नाही, आणि अफ्रानं चार दफ्तरखान्यांना पत्रं लिहूनही तिचा पुढचा ठावठिकाणा लागला नाही.

गेशेनं चष्मा काढला. जेवताना तोंड फक्त खायला उघडायचं, हा हाबोचा घरातला नियम. त्यापायी तिचं बालपण भांड्यांचे आवाज ऐकण्यात गेलं होतं. शाळेत तिला धावण्याचं बक्षीस मिळालं, हाबो आला नाही. तिनं पदाची शपथ घेतली, हाबो आला नाही. माणूस दगड आहे, असं मनाशी ठरवून ती मोकळी झाली होती.

निबंधाच्या मागे अहवाल होता. या स्पर्धेची अटच तशी आहे. जे शोधलंत ते कसं शोधलंत, कुणी सांगितलं, कुणी दार लावून घेतलं, तेही लिहून द्यायचं. निबंध छापतात, अहवाल फक्त परीक्षकांसाठी असतो. अफ्रानं लिहिलं होतं:

"आजोबा आधी म्हणाले, मला काही आठवत नाही. पण चहा दिला. ते ओतत राहिले, मी पीत राहिले. नको म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. सहाव्या कपाला ते बोलायला लागले. आठव्या कपानंतर मला बाथरूम कुठे आहे ते विचारावं लागलं. कपात चमचा ठेवला की पुरे असा अर्थ होतो, हे मला दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं."

गेशेला हसू फुटलं. तिच्या मुलखात तीन कप ही रीत, आणि पाहुण्यानं कपात चमचा ठेवेपर्यंत यजमानानं ओतत राहायचं, मग आभाळ कोसळो. बिचारे बाबा; पाहुणीला ऊठ म्हणता येईना आणि स्वतःला उठता येईना. हसता हसता ती पुढच्या ओळींवर आली.

"मी विचारलं, हे तुमच्या मुलीला माहीत आहे? म्हणाले, नाही. मी म्हटलं, मग आता कळेल, त्या आमच्या स्पर्धेच्या आश्रयदात्या आहेत. ते म्हणाले, ती सह्या करते, वाचत नाही."

ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

आयके आत आला. "मी एक सुचवू? सोमवारी तुम्हाला सर्दी होऊ दे. बक्षीस उपाध्यक्ष देतील. तुम्ही मंचावर दिसलात की वार्ताहर गाव बघतील, तुमचं आडनाव बघतील, आणि मंगळवारी तुमच्या वडिलांचा फोटो पहिल्या पानावर. ब्याऐंशी वर्षांचे आहेत ते."

"माझी सर्दीही आता तूच ठरवणार का?" ती म्हणाली. पण सूचना धुडकावली नाही. रात्रभर तळमळली आणि शनिवारी दुपारी गाडी काढून ग्रोटेफेनला गेली.

"निवडणूक आली वाटतं," हाबो दारातच म्हणाला.

"नाही, बाबा."

"मग कोण गेलं?"

"कुणी नाही. चहा प्यायला आले."

"राजधानीत चहा मिळेनासा झाला म्हण की."

ती स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या आपल्या खुर्चीवर बसली. हाबोनं कपात खडीसाखर टाकली, वर चहा ओतला, कडेनं साय सोडली. पहिला कप झाला, दुसरा झाला. नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. तिसरा संपला तेव्हा हाबोनं तिच्या बशीकडे पाहिलं. चमचा बशीतच होता.

"चमचा," तो म्हणाला.

"राहू दे."

हाबोनं तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि चौथा कप ओतला.

"वाचलंस तर."

"पहिल्या ओळीपासून. अहवालसुद्धा."

"ते सहीचं मी आपलं चेष्टेनं बोललो."

"खरं तेच बोललात, बाबा." तिनं दोन्ही हातांनी कप धरला. "सोमवारी मी गेले नाही तर तुमचं नाव कुठे येणार नाही. गेले, तर येईल. काय करू ते तुम्ही सांगा. मला नाही ठरवता येत."

हाबो पाचवा कप ओतता ओतता म्हणाला, "पेन्सिल मी कालव्यात फेकली. आई मला काहीच बोलली नाही. त्या संध्याकाळी तिनं सवयीनं सहा ताटं मांडली, आणि मग एक उचललं. तेवढंच. एक मुस्कटात दिली असती तर सुटलो असतो मी."

"तुम्ही आठ वर्षांचे होता."

"आठचा असलो तरी मीच होतो ना? खरं सांगितल्याचं मला बक्षीस मिळालं, आणि पुढे जन्मभर तोंड शिवून बसलो. तुझ्यासमोरसुद्धा. तुझी बक्षिसं बघायला यायचं धैर्य झालं नाही माझं." त्यानं किटली खाली ठेवली. "ती पोरगी नीट शोधून, नीट सांगतेय. तिच्या हातात बक्षीस खोट्या सर्दीच्या आडून पडायला नको. तू दे. आणि ते एच.-बीच काढायला सांग. हाबो टियार्क्स म्हण."

"लोक बोलतील."

"बोलू देत. इतकी वर्षं कुणी बोललं नाही, त्यानं काय भलं झालं?"

गेशेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. अठ्ठावन्न वर्षांत या टेबलाशी वडिलांचं इतकं बोलणं तिनं ऐकलं नव्हतं.

"ब्रोन्या कुठे बसायची?" तिनं विचारलं.

हाबोनं हनुवटीनं तिच्याच खुर्चीकडे खूण केली.

"तिथं. हात गार पडायचे तिचे, म्हणून आई शेगडीजवळ बसवायची. तू दोन वर्षांची असताना आपली आपणच चढून तिथं बसलीस. तुझी आई म्हणाली, पोर भाजेल, उठवा तिला. पण त्या जागेवरून पुन्हा कुणाला उठवणं माझ्याच्यानं झालं नाही."

गेशेनं कप पुढे केला. हाबोनं किटली उचलली.