वाणात वाटलेला काढा

मी गोखरूच्या काढ्याची बाटली बोलतेय. माझ्या अंगावरच्या कागदावर विश्वास ठेवू नका, माझं ऐका.

होसकोटेजवळच्या एका शेडमध्ये मला भरलं, झाकण पिळलं आणि छातीवर चिकटवलं, ‘लघवीच्या जळजळीवर सिद्ध औषध’. सिद्ध कुणी केलं? कुणावर? माझ्यासमोर तरी कुणी कुणाला तपासलं नाही.

सकवारबाईंनी आमची अख्खी पेटी घेतली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटली. स्टीलच्या वाट्या देऊन कंटाळल्या होत्या म्हणे. वाणाला नाही कोण म्हणणार? मी तेवढी उरले, फ्रिजवर जाऊन बसले.

पुढे शेजारची कावेरी आली. “अक्का, तुमच्या वाणानं माझी जळजळ गेली बघा!”

सकवारबाई फुलल्या. मला मात्र संशय आला. बोलताना बाईची नजर फरशीवर होती.

मग सून हेमलता आजारी पडली. लघवीला आग, सारखी धाव.

“आई, डॉक्टरांकडे जाऊन येते.”

“कशाला? कावेरी बरी झाली ना? हे घे, स्वल्प धीर धर.”

चमच्याचमच्यानं मी तिच्या पोटात जात राहिले. एक दिवस तिला हुडहुडी भरली, ताप चढला, पाठीत कळा येऊ लागल्या. सकवारबाई म्हणाल्या, “उष्णता बाहेर पडतेय.” कसली बाहेर? दुखणं आत वर वर चढत होतं.

कावेरी बघायला आली, हेमलताच्या कपाळाला हात लावून दचकली.

“अक्का, हिला गोळ्या नाही दिल्या?”

“तुला कुठं दिल्या होत्या?”

“डॉक्टरांनी दिल्या होत्या की! काढ्याबरोबर घेत होते.”

“मग तेव्हा तोंड शिवलं होतं?”

“वाण दिलेलं तुम्ही, अक्का. तोंडावर कसं सांगू?”

सकवारबाईंनी चपला चढवल्या. सुनेला ऑटोत बसवलं, डॉक्टरला दाखवायला मला पिशवीत टाकलं.

आता हेमलताला सलाईन लावलंय. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत, डॉक्टर म्हणाले. ताप उतरायचाय. मी अर्धी रिकामी, खाटेशेजारी.

मघाशी पलीकडच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ह्यानं गुण येतो का हो?”

सकवारबाईंनी सुनेचं पांघरूण सारखं केलं. “मला माहीत नाही.”

माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं. मलाही माहीत नाही. काही बायकांना माझा काढा द्या, काहींना माझ्यासारखं दिसणारं नुसतं पाणी, आणि डॉक्टरांदेखत नीट ताडून बघा. खोटी ठरले तर ओतून द्या, रडणार नाही. पण तोवर तापानं कुडकुडणाऱ्या बाईला डॉक्टरकडं जाऊ द्या. तिच्या वाटेत मला उभी करू नका.