आधी तक्रार

आईनं तुरीची शेंग फोडली तर आत अळी निघाली. तिनं ती शेंग दुरडीबाहेर टाकली.

"औंदा तूर लय किडकी हाय."

"आता एक बरं सांग," शिवरंजनी म्हणाली.

हा नियम तिनंच घरात आणला होता. पुण्यात ऑफिसच्या कार्यशाळेत तिला तो शिकवला होता. तक्रार केली की तिच्यामागून एक बरी गोष्ट शोधून बोलायची. हळूहळू मनाला तशी सवय लागते. दिवाळीला आली तेव्हा तिनं तो आईला लावला. आईनं तो मानला, पण पहिल्या दिवसापासून त्याची चेष्टाच मांडली.

"अळीचं तरी पोट भरलं," आई म्हणाली.

दोघी हसल्या. मग खांदा दुखत असल्याचं निघालं. बरं म्हणजे, दुसरा अजून नवाकोरा होता. बाजारातून येताना रिक्षावाल्यानं आईला कोपऱ्यावरच उतरवलं होतं. बरं म्हणजे, त्यामुळं शेजारच्या सरजाबाई वाटेत भेटल्या. सोललेल्या दाण्यांची वाटी भरत आली.

"तुझं सांग की," आई एकदम म्हणाली. "तू कवा तक्रारच करत न्हाईस."

"मला काय झालंय? मजेत आहे."

नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती हेच सांगत आली होती. आईनं तिच्याकडं न बघता पुढची शेंग उचलली.

"मग हा कसला नियम? मी रडायचं आन् तू नुसतं बरं बरं म्हणायचं."

शिवरंजनीनं टरफलं गोळा केली आणि पुण्याच्या गाडीची वेळ होत आल्याचं सांगितलं.

त्याच आठवड्यात आई गेली. सकाळी पूजेला बसली होती, तिथंच कलंडली.

मातीला आलेले, नंतर भेटायला आलेले, सगळे एकच सांगत होते. हाल झाले नाहीत, पूजा करता करता गेली, आता चांगलं तेवढं आठवायचं. शिवरंजनी मान हलवत होती, चहा देत होती. मावशीनं रात्री डोक्यावरून हात फिरवला, तेव्हाही ती बरी आहे म्हणाली.

पाहुणे पांगल्यावर एका दुपारी सरजाबाई आल्या. त्यांनी पिशवीतल्या तुरीच्या शेंगा दुरडीत ओतल्या, आईच्या पाटाशेजारी जमिनीवरच बसल्या आणि सोलायला लागल्या. शिवरंजनीनंही एक शेंग घेतली.

मल्लम्मानं, म्हणजे आईनं, आपल्यालाही हे खूळ लावलं होतं, असं सरजाबाई सांगत होत्या. रोज दिवेलागणीला दोघी ओट्यावर बसायच्या. आधी तक्रार, मग बरं. गुडघे, नळाचं पाणी, सरजाबाईंची सून, सगळं होऊन जायचं.

"शेवटाला तिची तक्रार रोज तीच," सरजाबाई म्हणाल्या. "पोरगी काई सांगत न्हाई म्हणायची."

शिवरंजनीचा हात थांबला.

"आणि बरं?"

"बरं म्हंजे, येती तर खरी. आज न्हाई तर पुढच्या खेपेला सांगंल, म्हणायची."

सरजाबाई खाली मान घालून सोलत राहिल्या. शिवरंजनीनं हातातली शेंग दुरडीत ठेवली आणि ती रिकाम्या पाटाकडं वळून बसली.

"आई," ती म्हणाली, "मी मजेत नाही गं. गाडीत बसले की दर वेळी वाटतं, उतरावं आणि परत यावं."