शनिवारचं बटण

स्तोत्राचं तिसरं कडवं चालू असताना मला माझाच हात आठवला.

रविवारची सकाळ होती. ग्लासगोतल्या आमच्या गेलिक भाषेच्या चर्चमध्ये कॅलम मॉरिसन पुढे उभा राहून ओळ उचलत होता आणि आम्ही चाळीसेक माणसं ती मागून झेलत होतो. कोणी लवकर पोचायचं, कोणी रेंगाळत यायचं, पण शेवटच्या स्वराला सगळे एकत्र. माझे वडील लुईस बेटावरच्या आमच्या गावी अशीच ओळ द्यायचे. म्हणायचे, "मागे राहिलेल्याकडे वळून बघायचं नाही, तो लाजतो. ओळ पुन्हा द्यायची, तो येतो." असं गाणं चालू असताना माझं मन कधी बाहेर जात नाही. त्या दिवशी गेलं. काल संध्याकाळी कारखान्यातून निघताना दाराशेजारचं हीटरचं बटण खाली ओढणारा हात स्पष्ट दिसला. माझाच होता.

शहरातल्या मेरीहिल भागात आमचा सात माणसांचा कारखाना आहे. मी, एफी मॅक्रिची, तिथे लेसर जुळवते. रुबिडियम या धातूच्या अणूंना एकच रंग चालतो, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तो नेमका मिळाला की ते शांत होतात, आणि मग ते किती वेगानं पडतात त्यावरून जमिनीच्या पोटात कुठे पोकळी आहे ते मोजता येतं. विद्यापीठात असा लेसर जेवणाचं अख्खं टेबल अडवतो आणि त्याच्या किमतीत घर येतं. आमचा पावाच्या डब्याएवढ्या पेटीत मावणारा, आणि बोगदे खणणाऱ्या एखाद्या कंपनीला सहज परवडेल असा. निदान तसं आम्ही सांगत होतो.

अशाच एका कंपनीच्या शीना गेडिस बाईंनी अट घातली होती. शनिवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी दहा, पेटीनं तो रंग सोडायचा नाही आणि माणसानं आत पाऊल टाकायचं नाही. दारावर चिकटवायला स्वतःच्या सहीची कागदी पट्टी त्या देऊन गेल्या होत्या. जमलं तर तीस पेट्यांचं काम मिळणार होतं. नाही जमलं तर नाताळानंतर कारखाना उघडणार नाही, असं आमचा मालक गॅविन डॅलग्लीश सगळ्यांसमोर बोलला होता.

आणि मी हीटर बंद करून आले होते. बेटावर शनिवारी संध्याकाळी सगळं आवरून ठेवतात. पाणी भरायचं, बटाटे सोलायचे, बागेतले झोके साखळीनं बांधायचे, घरात जे चालू असेल ते बंद करायचं. रविवारी, देवाच्या दिवशी, कशालाच राबवायचं नाही. ग्लासगोत वीस वर्षं काढली तरी शनिवारी माझा हात बेटावरचाच. नोव्हेंबरची थंडी. पेटीतले आरसे डिंकानं बसवलेले. पत्रा गारठून आखडला की आरसा हलणार, आरसा हलला की रंग सुटणार.

उपदेश अर्ध्यावर टाकून मी बाहेर आले आणि गॅविनला फोन लावला.

"एफी? रविवारी तू फोनला शिवलीस? जग बुडालं का?"

"मी हीटर बंद केलाय."

"कुठला हीटर?"

"आपल्याकडे दुसरा आहे?"

तो म्हणाला, "जा आणि चालू कर. पट्टी फाड. मी नवी छापतो. त्या बाईची सही म्हणजे कोंबडीनं चिखलात नाचल्यासारखी, मला डोळे मिटून येईल."

"गॅविन."

"काय गॅविन? सात घरं आहेत, बाई. तुझा देव सुट्टी पाळतो, घरमालक पाळत नाही."

मी फोन ठेवला आणि आईला लावला. तिनं लगेच उचलला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, आई."

"मग रविवारी फोन कशाला?"

सगळं सांगितलं. तिला लेसर कळत नाही, रविवार कळतो. "गाय खड्ड्यात पडली तर रविवारीसुद्धा काढायची, त्याला देवाची ना नाही. तुझी पेटी पडलीय का?"

"माहीत नाही. आत गेल्याशिवाय कळणार नाही."

"आणि आत जायचं तर त्या बाईला दिलेला शब्द मोडायचा."

"हो."

"मग मला कशाला विचारतेस? तुला कळलंय की." आणि तिनं फोन ठेवला.

तरी मी गेलेच. बस पकडून मेरीहिलला उतरले आणि दारासमोर उभी राहिले. पट्टी होती तशी होती. एका कोपऱ्याला डिंक नीट लागला नव्हता, तिथून नख घालून सोलली असती तर कोणाला कळलंही नसतं. आतून काही ऐकू येईल म्हणून कान लावला. लेसर आवाज करत नाही. किती वेळ उभी होते कोण जाणे, बोटं बधिर झाली. मग त्या सुटलेल्या कोपऱ्यावर अंगठा दाबून तो नीट चिकटवला आणि परत फिरले. रात्रभर कूस बदलत राहिले.

सोमवारी दहाला शीनाबाईंनी पट्टी तपासली, स्वतःच्या हातानं फाडली. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक खोलीच्या तापमानाची, एक रंगाची. पहिली एकवीस अंशांवरून घसरत रविवारी पहाटे आठवर गेलेली. दुसरी तोपर्यंत सरळ, आणि चार वीसला तुटलेली.

गॅविननं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण रेघ पुढे होती. सुटल्यावर पेटीनं स्वतःच शोध सुरू केला होता, थोडं अलीकडे, थोडं पलीकडे, पुन्हा पहिल्यापासून. नवव्या मिनिटाला रंग सापडला, आणि सोमवारी दहापर्यंत तिनं तो सोडला नव्हता. शोधायचा तो भाग माझ्याच हातचा. तपासताना दहातून सहा वेळा जमला होता, म्हणून मी कोणाला फारसं सांगितलं नव्हतं.

"एकदा सुटलाय, म्हणजे कागदाप्रमाणे नापास," शीनाबाई म्हणाल्या. मग चष्मा वर केला. "पण खोली आठ अंशांवर कशी? हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

गॅविनचं तोंड उघडलेलं मला दिसलं. त्याला 'हो' म्हणायचं होतं. तो म्हणायच्या आत मी बोलले.

"नाही. चुकून. शनिवारी सगळं बंद करायची सवय आहे आमच्याकडे. हात गेला."

"आमच्याकडे म्हणजे?"

"लुईस बेटावर."

"झोके बांधतात ते?"

"तेच."

त्या हसल्या नाहीत. रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. "आमच्या बोगद्यात हीटर नसतो. मला हेच बघायचं होतं, सुचलं मात्र नाही. पण एकदा, तेही चुकून जमलेलं, मी वर कळवू शकत नाही. येत्या शनिवारी पुन्हा. हीटर बंद. आणि नऊ मिनिटं फार झाली, एका मिनिटात परत यायला हवा."

त्या गेल्यावर गॅविन म्हणाला, "तू असलीस की खोटंसुद्धा धड बोलता येत नाही." मग त्यानंच चहा आणून दिला.

आठवडाभर मी पेटीच्या शोधण्यावर बसले. सापडलं नाही की ती पार टोकापासून सुरुवात करायची, म्हणून वेळ जायचा. आता जिथे सुटलं तिथूनच तिला ओळ पुन्हा द्यायची, असं केलं. बर्फाच्या पिशव्या लावून तपासलं. दहातून नऊ वेळा मिनिटाच्या आत परत आली. दहाव्या वेळी का आली नाही, ते शुक्रवारपर्यंत सापडलं नाही.

शनिवारी सहाला सगळे निघून गेले. जाताना गॅविन ओरडला, "एफी, आज बंद करायचाय. विसरू नकोस."

मी बटणाशी उभी राहिले. इतकी वर्षं जो हात आपोआप जायचा, तो आज उठेना. ओढलं. शीनाबाईंनी दिलेली नवी पट्टी चिकटवली, चारही कोपरे दाबले, आणि बस पकडली.

दोन थांबे गेले आणि आठवेना, बटण खरंच खाली गेलं होतं का? उतरून परत जावं असं तीनदा वाटलं. पण पट्टी लागली होती. डोळे मिटून उद्याचं स्तोत्र मनात धरायला गेले. पहिली ओळ सुटली. पुन्हा धरली.